मालकाचा रकाना कोरा ठेवा

विंडोजवर चालणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. खिडकीवर खिडकी येणं ही फुकटात मिळालेली सोय नाही. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींना खेटून बसायच्या, एकीनं दुसरीवर चढायचं नाही. ती मुभा १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. लगेच १९८८मध्ये अ‍ॅपलनं मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, आणि तक्रारींत या चढणाऱ्या खिडक्याही होत्या. १९९४मध्ये अपिलातही अ‍ॅपल हरलं. इतकी कोर्टबाजी होऊन मिळालेला हक्क हाताशी असताना तुम्ही वापरकर्त्याला सगळं जागच्या जागी दाखवणार असाल, तर त्या वकिलांनी कशासाठी घसा कोरडा केला?

तेव्हा कामाला लागू. सुरुवात मेसेजबॉक्सपासून, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीपासून. त्याला द्यायची पहिलीच गोष्ट म्हणजे मालक खिडकी, ज्या खिडकीतून तो निघाला ती. ती दिलीत की विंडोज पुढची सगळी काळजी घेतं: बॉक्स कायम मालकाच्या वरच राहतो, मालक मिनिमाइझ झाला की सोबत लपतो, मालक नष्ट झाला की सोबत जातो, आणि तो उघडा असेपर्यंत मालकाला क्लिक लागू पडत नाही. म्हणजे तुमच्या हातात काही उरतच नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत बापाचं नाव घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. विंडोज त्या मानानं फार उदार. तिथे नल, म्हणजे ‘कोणी नाही’, लिहा, कोणी हटकत नाही.

आता पतसंस्थेच्या काउंटरवर काय होतं ते पाहा. बाईंनी ‘खातं बंद करा’ दाबलं. ‘नक्की का?’ विचारणारा बॉक्स आला. तेवढ्यात समोरच्या सभासदानं व्याजाचं काहीतरी विचारलं म्हणून बाईंनी मागच्या मोठ्या खिडकीवर क्लिक केलं. मालक नसलेला बॉक्स निमूटपणे तिच्या मागे गेला. बाईंना वाटलं, आपण दाबलंच नाही. परत दाबलं. दुसरा बॉक्स. पुन्हा तेच, तिसरा बॉक्स. एकाच खात्याच्या मरणाबद्दल तीन प्रश्न अंधारात रांगेनं उभे, आणि बाई सभासदाला सांगतायत, ‘सिस्टीम स्लो आहे हो आज.’ ती मुळीच स्लो नाही. ती उत्तराची वाट बघतेय.

विनफॉर्म्समध्ये, म्हणजे खिडक्या रचायच्या मायक्रोसॉफ्टच्या तयार साच्यात, मात्र सावध राहा, तिथे तुमचा आळस वाया जाण्याची भीती आहे. डायलॉग, म्हणजे उत्तर मागणारी खिडकी, उघडणाऱ्या शोडायलॉग फंक्शनला मालक दिला नाहीत तर ते त्या क्षणी सक्रिय असलेली आपलीच खिडकी मालक धरून मोकळं होतं. इतका चोंबडेपणा खपवून घेऊ नका. डायलॉग टायमरवरून उघडा, तोही वापरकर्ता एक्सेलमध्ये गुंतलेला असताना. तेव्हा तुमची एकही खिडकी सक्रिय नसते, म्हणून मालक कोणी सापडत नाही, पण त्या थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या त्या धाग्याच्या, बाकी सगळ्या खिडक्या मात्र इमानदारीत क्लिक घेणं थांबवतात. वापरकर्ता परत येतो, टास्कबारवरून मुख्य खिडकी पुढे काढतो, क्लिक करतो. टंग. परत क्लिक. टंग. डायलॉग मागे लपलेला. टास्कबारवर दिसायचं की नाही ते ठरवणारं शोइनटास्कबार आधीच फॉल्स केलंत तर तिथेही मागमूस उरत नाही. ऑल्ट-टॅब जाणणारे तरीही सुटतात, त्यांच्यासाठी बॉर्डर स्टाइल टूल विंडोची ठेवा, म्हणजे तो त्या यादीतही दिसणार नाही. मग बहुतेकांना टास्क मॅनेजरखेरीज वाट सुचत नाही, आणि टास्क मॅनेजरवर गेलेला माणूस सेव्ह न केलेल्या नोंदींसकट जातो.

एवढं करूनही एखादा म्हणेल की डायलॉग मागे जातो. त्याला टॉपमोस्टची, म्हणजे कायम सगळ्यांच्या वर राहण्याची, गोळी द्या. आपल्या खिडकीच्या वर न थांबता डायलॉग सगळ्या जगाच्या वर येईल: व्हिडिओ कॉलवर, पीडीएफवर, बँकेच्या ओटीपीवर. दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामनंही हेच केलं असेल तर कोण वर? अर्थातच शेवटी उडी मारणारा. म्हणून दर अर्ध्या सेकंदाला खिडकी पुन्हा वर चढवणारं सेटविंडोपॉस मारणारा टायमर लावा. समोरच्यानंही लावला असेल तर स्क्रीनवर रंगणारी कुस्ती वापरकर्त्यानं बसून बघावी, तिकीट नाही. खिडकी पुढे आणणाऱ्या सेटफोरग्राउंडविंडोवर मात्र फार विसंबू नका. विंडोज ९८ आणि २०००पासून मायक्रोसॉफ्टनं त्याला लगाम घातलाय, आगंतुकाच्या वाट्याला बहुधा टास्कबारवर लुकलुकणारं बटणच येतं. थ्रेडचे इनपुट एकमेकांना जोडून हा लगाम तोडायची युक्ती इंटरनेटवर सहज मिळते. ती वापराच, कारण समोरचा थ्रेड अडकला की तुमचाही अडकतो, आणि मग दोष कोणाचा ते शोधायला आठवडा जातो. आठवडाभर तुमच्याकडे काम आहे.

खिडकीच्या पोटातल्या चाइल्ड खिडक्यांचं प्रकरण तसं सोपं. पालक खिडकीला क्लिपचिल्ड्रन, म्हणजे लेकरांची जागा सोडून रंगायची स्टाइल, देऊ नका. मग पालक रंगताना लेकरांच्या अंगावरूनही ब्रश फिरवतो, लेकरं पुन्हा स्वतःला रंगवतात, आणि खिडकीचा आकार बदलताना फॉर्म डोळे मिचकावतो. भावंडं एकमेकांवर चढणार असतील तर भावंडांची जागा सोडायला लावणारी क्लिपसिब्लिंग्जही गाळा, म्हणजे बटणावर लिस्टबॉक्स की लिस्टबॉक्सवर बटण, हे कोण शेवटी रंगलं त्यावर ठरेल. तक्रार आली तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायला सांगा.

खिडकीचा पालक बदलणारं सेटपेरेंट हे फंक्शन तर तुमच्यासाठीच आहे. पॉपअपला, म्हणजे सुट्या खिडकीला, एखाद्या खिडकीची चाइल्ड करताना ते स्टाइलमधले पॉपअप आणि चाइल्डचे बिट बदलत नाही, तुम्ही बदलायचे असतात. बदलू नका. अर्धी चाइल्ड, अर्धी पॉपअप अशी खिडकी कधी काय करेल याचा नेम नाही. आणि गेटपेरेंट वापरताना गोंधळ हवाच असेल तर तो तयारच आहे, कारण पॉपअपच्या बाबतीत ते पालक न देता मालक देतं. खरा पालक गेटअ‍ॅन्सेस्टर देतं. ते कुणाला सांगू नका.

माझी सगळ्यात लाडकी युक्ती मोडल डायलॉग, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत मालकाला अडवून ठेवणारा डायलॉग, स्वतः रचणाऱ्यांसाठी राखून ठेवलीय. डायलॉग बंद करताना आधी मालक सक्षम करायचा आणि मग डायलॉग नष्ट करायचा, हा क्रम. तो उलटा करा. डायलॉग नष्ट होतो त्या क्षणी मालक अजून अक्षम असतो, त्याच्याकडे सूत्रं देता येत नाहीत, मग विंडोज भलत्याच प्रोग्रामची खिडकी पुढे आणून ठेवतं. वापरकर्त्यानं ‘ठीक आहे’ दाबलं आणि समोर कुणाची तरी उघडी ईमेल. दोन ओळींची अदलाबदल, आणि परिणाम बघा. अशी किफायतशीर चूक दुसरी नाही.

खिडकीची जागा लक्षात ठेवायची सोयही द्या, वापरकर्त्यांना ती आवडते. फक्त मिनिमाइझ असताना सेव्ह करा. तेव्हा विंडोज खिडकीला उणे ३२००० वर नेऊन ठेवतं. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम त्याच पत्त्यावर उघडतो, टास्कबारवर दिसतो आणि स्क्रीनवर कुठेच नसतो.

यावर तक्रारी येतीलच. तुमच्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर आहेत, डायलॉग दुसऱ्या मॉनिटरवर निवांत पडलेला असतो, तुम्हाला काहीच अडत नाही. पतसंस्थेच्या बाईंकडे काउंटरवरचा एकच जुना चौकोनी मॉनिटर. तुम्ही बटण दाबा, बॉक्स दिसला म्हणून स्क्रीनशॉट काढा, तक्रारीच्या तिकिटाला जोडा, ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय’ लिहा आणि तिकीट बंद करा.