माहेर सोडवत नाही तिला

"काका, गाडीला एसी आहे का?" सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरच्या पोरीनं विचारलं. एप्रिलचा महिना, दुपारचे दोन. माझ्या कपाळावरून घामाची धार चष्म्यात उतरत होती, तरी मी ताठ मानेनं म्हणालो, "आहे की!"

खोटं बोललो नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीला एसी पंप आहे. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरपर्यंत पोचवणारा जो पंप, त्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात. तो इंजिनालाच बोल्टनं आवळलेला असतो, त्यामुळे थंडाव्याशी त्याचा संबंध नावापुरताच.

तीन वर्षांपूर्वी ही गाडी मी घरी आणली. 1986 चं मॉडेल, 1089 सीसी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, पुढच्या दारांना त्या त्रिकोणी काचा. घरात आधीची एक शहाणी गाडी होती. तिला किल्ली फिरवली की ती चालू होते, एवढाच तिचा दोष. ती आता रस्त्यावर उन्हात उभी असते आणि पत्र्याच्या शेडखाली पद्मिनी. बायको याबद्दल काही बोलत नाही. फक्त रोज सकाळी उन्हातल्या गाडीचं तापलेलं स्टेअरिंग धरताना "आई गं" असं जरा मोठ्यानं म्हणते.

अशा गाड्या बाळगणारे आम्ही आठ जण आहोत. दर रविवारी सकाळी पार्क चौकात जमतो. गाड्या चालवायला जमतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात आठही बोनेट उघडली जातात आणि आम्ही हात मागे बांधून एकेका इंजिनापुढे देवदर्शनाच्या रांगेसारखे सरकत राहतो. कुणी डेल्कोचं टोपण काढून पॉइंट बघतो, कुणी कार्बोरेटरचं जेट तोंडानं फुंकतो आणि पेट्रोलची चव घेऊन मान डोलावतो. चांगलं चाललेलं इंजिन दिसलं की सगळे जरा हिरमुसतात. त्यात बोलण्यासारखं काय असतं?

आमच्यात अण्णांचं सोवळं मोठं. त्यांची गाडी 1968 ची, म्हणजे पद्मिनी हे नाव पडायच्या आधीची. चित्तोडच्या राणीचं ते नाव लागलं 1974 मध्ये, त्याआधी ती फियाट अकराशे. त्यामुळे अण्णा स्वतःला 'फियाटवाले' म्हणवतात आणि आम्हाला 'तुम्ही पद्मिनीवाले'. माझ्या गाडीचा आरसा मूळचा नाही हे त्यांनी पहिल्याच भेटीत हेरलं. तेव्हापासून ते माझ्याशी त्या आरशाकडे बघूनच बोलतात.

शिवाय ते व्हिंटेज. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. माझीला तो मान 2036 मध्ये मिळेल. पण व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला चालवायची नसते, अशीही अट आहे. ही अट माझी गाडी मी घेतल्या दिवसापासून पाळते आहे.

सुट्या भागांचं म्हणाल तर आमचा धंदा गिधाडांचा. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा आम्ही पार्क चौकात दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. खरोखर डोळे भरून आले होते. दुसरं मिनिट पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच विचारलं, "दाराची हँडलं कुठं मिळतील बे?"

तर त्या रविवारी अक्कलकोटला जायचं ठरलं. चाळीस किलोमीटर. स्वामींचं दर्शन घ्यायचं, उन्हाआधी परत यायचं. निघायची वेळ सहा. सहाला तिघे आले, सातला चहा झाला, आठला एकाचं चोक अडकलं, नऊला भजी आली. भजी आल्यावर निघणारा माणूस सोलापुरात अजून जन्मायचाय. दहाला निघालो. डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

कुंभारीच्या पुढे माझ्या गाडीनं दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि ती कडेच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. लिंबाखालीच, हे लक्षात घ्या. एवढी अक्कल तिला आहे.

कारण मला पाठ आहे. उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंपाला पातळ पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. पुस्तकात याला वेपर लॉक म्हणतात. आमचे गॅरेजवाले चाचा म्हणतात, "एअर धरली, मालक." आणि बायको म्हणते, "परत?"

मिनिटभरात बाकीच्या सात गाड्या मागेपुढे लागल्या. खरं सांगू? सगळ्यांचे चेहरे उजळले होते. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी घडलं होतं. बोनेट उघडलं, सोळा हात आत गेले. एक म्हणाला कॉइल, एक म्हणाला कंडेन्सर. वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला. मोटरसायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबला, "आमच्या थोरल्याकडं होती अशी" म्हणाला, आणि "किती देती?" विचारून उत्तराची वाट न बघता गेला. प्रत्येकाच्या थोरल्याकडं ही गाडी होती. एवढ्या गाड्या खरंच बनल्या असत्या तर दाराच्या हँडलांसाठी आम्ही असे फिरलो नसतो.

माळशिरसच्या मामाला मी फोन केला. त्याचा मेकॅनिकीशी संबंध नाही, पण ऊस त्याचा आहे. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते उसापासूनही बनतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपातला डायफ्रॅम, म्हणजे ती रुपयाएवढ्या जाडीची रबरी चकती, वर्षात दोनदा बदलून झाली होती. काढलेली चकती चाचांनी माझ्या तळहातावर ठेवली होती, तेव्हा ती शिळ्या पुरीसारखी फुगून कडेला चिरलेली होती.

"मामा, तुझ्या उसानं माझी गाडी बंद पडली."

"मग तुझ्या गाडीत आपल्या घरचंच पेट्रोल आहे की बे!" मामाचा आवाज अभिमानानं भरून आला होता. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे असं दुःख सांगायचं कुणाला?

अण्णांनी मात्र कॉइलही धरली नाही आणि कंडेन्सरही. लिंबाला टेकून ते म्हणाले, "ही गाडी काढणारी कंपनी कुणाची? वालचंद हिराचंदांची. त्यांचा जन्म कुठला? सोलापूरचा, 1882 चा. पुढं 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. म्हणजे सासर कुर्ला, माहेर सोलापूर. माहेरवाशीण वेशीबाहेर पाय टाकील का? तुझं इंजिन बरोबर आहे. तिला जायचंच नाहीये."

वालचंदांनी जहाजांची कंपनी चालवली, विमानांचा कारखाना उभारला. त्यांच्या नावावर चाळीस किलोमीटरची ही नामुष्की लागू नये असं मला वाटत होतं. पण तर्क बिनतोड होता. गेल्या वर्षी तुळजापूरला निघालो तेव्हा ती हिप्परग्याच्या तळ्याशी थांबली होती.

उपाय एकच होता. मी डिकीतून टॉवेल काढला. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणी ऐकत नाही. बाटलीतलं पाणी ओतून तो चिंब केला, पिळला, आणि पंपाभोवती गुंडाळला. चर्र झालं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी वाफ आली आणि आठही जण एकदम "हां" म्हणाले. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा पाणी, पुन्हा दहा मिनिटं. चोक थोडा ओढला, पाय दोनदा दाबला, स्टार्टर मारला. लागली.

तोंड अक्कलकोटकडे होतं तोवर ती खोकत होती. अण्णा म्हणाले, "फिरव की." फिरवली. विजापूर वेशीपर्यंत आचका नाही, उसासा नाही. मागे सात गाड्या रांगेनं. लोक थांबून बघत होते, एकानं तर हात जोडले. आम्ही दर्शन घेऊन येतोय असं त्याला वाटलं असावं.

घरी पोचलो तेव्हा बायको दारात होती. "प्रसाद?"

मी कुंभारीच्या टपरीवरची चिवड्याची पुडी पुढे केली. तिनं पुडी घेतली नाही. तिची नजर बोनेटमधून लोंबणाऱ्या काळ्या, तेलकट टोकाकडे होती. टोकाला निळी किनार होती.

"हा आईनं दिवाळीला दिलेल्या जोडीतला आहे ना?"

मी मामाच्या उसाबद्दल सांगायला लागलो. ती आत निघून गेली. संध्याकाळभर शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी जाऊन विचारण्याइतका शूर नाही.

सोमवारी डिकी उघडली. स्टेपनीवर जुन्या चादरीचे चार चौकोनी तुकडे घडी घालून ठेवलेले होते. वर चिठ्ठी: 'माझ्या टॉवेलला परत हात लावायचा नाही.'

चारही तुकड्यांच्या कडा दुमडून शिवल्या होत्या, आणि एका कोपऱ्याला बांधायला नाडीसुद्धा होती.