खुलासा : ‘जागवा, दमवा, मरणाचा विषय काढू नका’ हा सल्ला चुकीचा

चवथीच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे : बायपोलर (मन कधी अति उत्साहात, तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार) असलेल्या माणसाला मेनिया, म्हणजे त्या अति उत्साहाचा झटका, चढला की रात्रभर आरत्यांना बसवा, दमून शांत होईल, आणि तो उदास असला तर मरणाचा विषय काढू नका. दोन्ही चुकीचं आणि धोक्याचंही.

जागरणाने मेनिया शमत नाही, भडकतो. २-३ तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना दिसू लागला, तर त्याच्या डॉक्टरांना लगेच कळवा. आरतीतल्या घुमट वाद्याच्या गजरात वाद घालू नका. बाजूच्या खोलीत न्या, हळू आवाजात एका वेळी एकच गोष्ट बोला : “दादा, ११ वाजले. गोळी घेऊन पड, आरती उद्याही आहे.” ‘वेड्यासारखं करू नकोस’ म्हटलं की बोलणं तिथंच तुटतं. पैसे आणि गाडीची चावी कुणाकडे द्यायची, हे मात्र तो बरा असतानाच त्याच्याशी बोलून ठरवा.

उदासीत सरळ विचारा : “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशक घरातून हलवा, गोव्यातलं बांबोळीचं सरकारी मनोरुग्णालय, आयपीएचबी, गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो. जिवावर बेतलं असेल तर १०८.