रवा, बॉल आणि चार तृतीयांश

गोलाचं घनफळ चार तृतीयांश पाय आर घन, हे मला इतकं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण तसं कोणी विचारत नाही ना, लेकीने भर रविवारी चहाच्या वेळी विचारलं आणि तेही आडवंच. "बाबा, ते चार तृतीयांश आलं कुठून?"

"सूत्र आहे ते, पाठ कर."

"म्हणजे तुला माहीत नाही."

आता दहावीतल्या मुलीसमोर असं गप्प बसून कसं चालेल, म्हणून मी म्हटलं चल प्रयोगच करू. भरलेल्या पातेल्यात धाकट्याचा प्लास्टिकचा बॉल सोडला, सांडेल ते पाणी मोजायचं. बॉल मस्त तरंगत बसला. बोटाने दाबून धरला तर माझं बोटही पाण्यात, मग बोटाचं घनफळ कुठल्या सूत्राने वजा करायचं? आणि समजा मोजलं असतं तरी उत्तर मिळालं असतं, चार तृतीयांश "का" ते नसतंच कळलं, हे लेकीने ओटा पुसता पुसता सांगितलं.

मग मोबाईलवर थोडं शोधलं तर मोठाच दिलासा मिळाला. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमुळाने गुणा असं सांगितलं होतं, ते खऱ्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त येतं. बरोबर रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दिली, पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. मी लगेच म्हटलं, बघ, आर्यभटाचंही चुकलं होतं. "हो, पण त्याने ओट्यावर पाणी नाही केलं," इति कन्या.

शेवटी धाकटा क्लासला गेलाय बघून ब्रेडच्या सुरीने त्याचा बॉल मधोमध कापला (याचा हिशोब अजून बाकी आहे). व्यास ७ सेंमी, म्हणजे त्रिज्या साडेतीन. पाय बावीस सप्तमांश धरायचा म्हणून पुस्तकातले सगळे गोल ७, १४ नाहीतर २१ चेच असतात, आमचाही तसाच निघाला. मग कागदाचा शंकू करायचा, तोंड बॉलच्या तोंडाएवढं आणि उंची त्रिज्येएवढी. माझा पहिला शंकू खाऱ्या दाण्यांच्या पुडीसारखा लांबडा झाला, दुसऱ्याचं तोंड जुळेना. लेकीने पायथागोरस लावून तिरकी उंची काढली, पावणेपाचच्या पुढे, जवळपास पाच, आणि दोन मिनिटांत शंकू तयार.

शंकूत सपाट रवा भरला, अर्ध्या बॉलमध्ये ओतला. एक. परत भरला. दोन. आणि अर्धा बॉल काठोकाठ! सांडलेला चमचाभर सोडा. म्हणजे अख्ख्या बॉलमध्ये असे चार शंकू, आणि एका शंकूचं घनफळ एक तृतीयांश पाय आर वर्ग गुणिले उंची, उंची म्हणजे इथे आरच, म्हणजे एक तृतीयांश पाय आर घन. असे चार. चार तृतीयांश! इतकी वर्षं पाठ होतं हो ते, आणि ते चार म्हणजे चार शंकू हे आज रव्याने सांगितलं. मी ओरडलोच.

बायको बाहेर आली. ओटा बघितला, रवा बघितला. "हा रवा आता परत डब्यात जाणार नाही अहो." लाडू होणार म्हणजे, मी मनातून खूश. डॉक्टरांनी शुगरमुळे मला दिवसाला एकच लाडू सांगितलाय, एक म्हणजे एक, किती मोठा ते सांगितलेलं नाही, म्हणून माझा मीच वळतो म्हटलं. बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा, बघणाऱ्याला कळणारही नाही असा.

संध्याकाळी तोंडाशी नेणार तोच लेक पट्टी घेऊन हजर. "आईचे लाडू व्यास ४ सेंमी, बाबाचा ६. त्रिज्या दीडपट. पण घन करायचा, म्हणजे आठाला सत्तावीस, सव्वातीनपटीच्या वर!" मग आईकडे वळून, "आई, बाबाचे सोम-मंगळचे लाडू पण आजच झाले आणि बुधवारचाही थोडा कुरतडलाय."