बर्ड फ्लूसाठी माणसाच्या शरीरात ‘कुलूपच नाही’?

कोंबड्या मेल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बर्ड फ्लूचा विषाणू ही चावी आहे, तिचे कुलूप फक्त पक्ष्यांच्या पेशींवर असते आणि माणसाच्या शरीरात ते कुलूपच नाही, २००६ साली नवापुरात लाखो कोंबड्या मारल्या तरी एकाही माणसाला हा रोग झाला नाही, हा त्याचा पुरावा, तेव्हा मेलेली कोंबडी हाताळायला घाबरू नका. हा मजकूर निव्वळ थाप असता तर त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती, पण त्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेले अर्धे जिवावर बेतू शकते.

आधी कुलपाविषयी. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या शर्करांच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या सायालिक आम्लाला चिकटते. हे आम्ल पक्ष्यांत असते तसे माणसांतही असते. फरक आहे तो जोडणीचा. ते शेजारच्या गॅलॅक्टोज या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेले असेल तर साखळीचे टोक बरेचसे सरळ राहते, सहाव्या कार्बनला जोडलेले असेल तर ते वळते. पक्ष्यांतील विषाणूंना सरळ ठेवण मानवते, तर माणसांत स्थिरावलेल्या फ्लूच्या विषाणूंना वळलेली. माणसाच्या नाकाघशात वळलेली ठेवण प्रामुख्याने आढळते, इथवर मजकूर खरा आहे. परंतु फुप्फुसांत खोलवर, वायुकोशांच्या पेशींवर, आणि डोळ्याच्या अस्तरावर सरळ ठेवणही असते. म्हणूनच हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही, खोकल्याशिंकेतून पसरणे त्याला आणखी अवघड जाते, पण तो खोलवर पोहोचलाच तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये बाधित गायींच्या गोठ्यांतील अनेक कामगारांचे डोळे लाल झाले, यालाही डोळ्यावरची हीच ठेवण कारणीभूत असावी असे मानले जाते.

मुळात कुलूप-चावीची उपमाच इथे फसवी आहे, कारण चावी एक तर लागते नाही तर लागत नाही. हिमॅग्लुटिनिनच्या एका रेणूची पकड अगदी क्षीण असते; विषाणूवर असे शेकडो रेणू असतात आणि ते एकाच वेळी चिकटतात, म्हणून पकड बसते. माळरानावरून चालताना कपड्यांना कुसळे लागतात, तसे हे आहे: एखादे कुसळ झटकले की गळून पडते, शंभर लागली की बसून वेचावी लागतात.

‘फक्त पक्षी’ हे म्हणणे तर आपल्या राज्यातच खोटे ठरले आहे. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, आढळला. अमेरिकेतील गायींच्या सडांतून हाच विषाणू दुधात उतरला, कारण कासेच्या ऊतींत दोन्ही ठेवणी सापडतात. उलट, कोंबडीतही वळलेली ठेवण असतेच. निसर्गाने मजकूरकर्त्याच्या सोयीने वाटणी केलेली नाही.

नवापूरचा दाखला खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. तिथे कोणाला बाधा झाल्याचे आढळले नाही, यावरून बाधा दुर्मीळ आहे एवढेच सिद्ध होते. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना एच५एन१ झाला आणि त्यातील ६ दगावले. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या रुग्णांची संख्या ९०० च्या वर आहे आणि त्यातील जवळजवळ निम्मे मरण पावले. सौम्य रुग्ण नोंदीतून सुटतात, त्यामुळे हे प्रमाण फुगलेले असू शकते. तरी ‘शक्यच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. भारतातही जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा याच विषाणूने बळी घेतला.

विषाणूची ही आवडनिवड कायमचीही नाही. १९५७ आणि १९६८ च्या फ्लूच्या साथींतील विषाणूंच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ आणि २२८ या स्थानांवरील ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील दुवे, बदलली होती, आणि त्यामुळे त्यांची पकड माणसातील ठेवणीकडे वळली. गायींतील एच५एन१ च्या प्रथिनात २२६ व्या स्थानावरील एकच बदल पुरेसा ठरतो, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. तो प्रयोग सुट्या प्रथिनावर होता, जिवंत विषाणूवर नव्हे. शिवाय माणसांमाणसांत पसरायला पकड बदलणे पुरत नाही. माणसाच्या पेशीत आपल्या प्रती काढणारे विकरही जुळवून घ्यावे लागते. तेव्हा ‘उद्याच महामारी’ असे सांगणारा दुसरा मजकूरही तितकाच उतावळा आहे.

राहिली मेलेल्या कोंबडीची गोष्ट. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खायला हरकत नाही, पण त्याचे कारण कुलूप नसणे हे नसून उष्णता हे आहे: आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की विषाणू नष्ट होतो. आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना, रक्त आणि विष्ठा हाताळताना हे संरक्षण नसते, आणि त्याच हातांनी डोळे चोळले जातात.