वारलेल्या फोटोग्राफरचे स्कॅन मागायचेत? बसा, सांगतो

पहिली गोष्ट, स्कॅन ज्या संस्थेकडे आहेत तिथं जाऊन "तुमच्याकडचे स्कॅन बघायचेत" असं सरळ विचारू नका. पुण्यात सरळ विचारणारा माणूस एक तर बाहेरचा असतो नाहीतर बिल्डरचा. अर्ज लिहा, "मा. कार्यवाह यांस" असा, आणि 'हेतू' या रकान्यात खरं कारण चुकूनही घालू नका. मी घातलं होतं, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेत आमच्या वाड्यात पाणी शिरलं, आजी कौलांवर चढून बसली, तो फोटो बघायचाय. कार्यवाहांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे संशोधन नाही."

नाही हो, आजी आहे.

तर तुम्ही आपलं संशोधन म्हणा. 'पूरकालीन वाडास्थापत्य' वगैरे.

मग संमतीपत्र, फोटोग्राफरचं. ते वारलेत हे कार्यवाहांना माहितीये, कारण त्यांच्याच हार घातलेल्या फोटोखाली बसून ते मागतायत. हसू नका, कायदा त्यांच्या बाजूनं आहे, 2012 च्या दुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफर गेल्यावरही 60 वर्षं राहतो, म्हणजे आता वारस गाठा. वारस दोन, एक कोथरूडला, एक न्यू जर्सीला, आणि दोघांचं बोलणं नाही. न्यू जर्सीपासून सुरुवात करा, तिकडून लवकर उत्तर येतं.

निगेटिव्हचं नाव काढू नका. मला एकदा डबा उघडून दाखवला तर असा आंबट भपका आला की बास, जुनी ॲसिटेट फिल्म सडायला लागली की व्हिनेगरचाच वास मारते, म्हणून तर घाईघाईनं स्कॅन केले ना, लोकांना बघता यावेत म्हणून! ते आता हार्ड डिस्कमध्ये, डिस्क कपाटात, किल्ली सरांकडे, सर नातवाच्या मुंजीला. फोटोग्राफर काका होते तेव्हा त्यांच्या दुकानात जाऊन "काका, पुराचा एक द्या" म्हटलं की दोन दिवसांत कॉपी हातात. पण त्याला काही शिस्त?

आठ महिन्यांनी मला स्कॅन मिळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. वॉटरमार्क बरोब्बर आजीच्या तोंडावर.

यंदा 12 जुलैला सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो आला, मोठा, स्वच्छ, आजीच्या काखेतला देव्हारासुद्धा दिसतोय, खाली गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. पाठवणारे कोण, तर कार्यवाह.

मी अंगठा दाखवला.