पिशवी ‘कंपोस्टेबल’ आहे, पण खड्डा तेवढा तापतो का?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी ओला कचरा कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशवीतूनच खताच्या खड्ड्यात टाकावा, हा एका लेखातला सल्ला अर्धवट आहे. अशा पिशव्यांसाठीच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची चाचणी औद्योगिक कंपोस्टिंगची, म्हणजे साधारण ५८ अंशांना होते. सोसायटीचा खड्डा लहान, त्यात पावसाळ्यात गच्च ओला. तो इतका तापून टिकतच नाही. मग पीएलए (या पिशव्यांतलं वनस्पतिजन्य प्लास्टिक) महिनोन्महिने तसंच राहतं आणि खत चाळताना चिंध्या निघतात. ओला कचरा बादलीतूनच द्या, तळाला वर्तमानपत्राचा एक थर पुरतो. पिशवी टाकायचीच असेल तर आधी फाडून मोकळी करा. गाठ मारलेल्या पिशवीत हवा जात नाही, आतला कचरा आंबून वास मारतो. खड्ड्यात प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा घाला, आठवड्यातून एकदा वरखाली करा. मूठभर खत दाबल्यावर एखाद-दोन थेंबच पाणी यावं. धार लागली तर पाला कमी पडलाय.

आणि ही पिशवी सुक्या कचऱ्यात मुळीच नको! भंगारवाल्याकडे ती साध्या पॉलिथिनमध्ये मिसळली तर पुनर्वापराचा माल कमकुवत होतो. तुर्भ्याच्या डम्पिंगवर गाडली गेली तरी हवेअभावी तिचं खत होत नाही. नुसतं ‘बायो’ किंवा ‘इको’ छापलेली पिशवी घेऊ नका; ‘कंपोस्टेबल’ शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक पाहा.