पेंडीचं पोतं

परवा गोठ्यात सरकी पेंडीचं पोतं उलटं केलं, तर तळाची वीतभर पेंड ओल धरून गोळा झालेली. हातानं फोडली तशी हिरवट भुकटी उडाली, कुबट वास नाकात बसला. आठवडाभर पाऊस, आणि पोतं भिंतीला टेकलेलं. अण्णा म्हणाले, "उन्हात घाल, वाळली की गाईला चालतंय." मी ती सगळी पेंड खड्ड्यात पुरली. अण्णा दिवसभर बोलले नाहीत. त्यांचा राग कळतो मला, पैसे त्यांनी मोजलेत.

पण वाळवून बुरशीची वाढ थांबली, तरी तिनं सोडलेलं विष तसंच राहतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. शेंगदाणा, सरकी, मका यांवर ते जास्त आढळतं. त्याचा बी-१ हा प्रकार गाईच्या पोटात गेला की त्यातल्या काही भागाचं यकृतात एम-१ हे दुसरं रूप होतं आणि दिवसभरात दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही, कारण तो जंतू नाहीच. पनीर केलं तर केसिनला, म्हणजे दुधातल्या प्रथिनाला, धरून आणखी दाट होतं. यकृताच्या कर्करोगाशी ज्याचं नातं सिद्ध झालंय, त्याच घराण्यातलं हे विष आपण लेकरांच्या पेल्यात ओततो.

एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये देशभरातले दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे धोकादायक निघाले १२. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ मध्ये, त्यातले २२७ प्रक्रिया केलेल्या दुधाचे. म्हणजे पिशवीचं दूध घेतलं की सुटलो, असंही नाही. दुधासाठी आपली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, युरोपात तिच्या दहावा हिस्सा. तरी घरोघरी चर्चा फक्त युरिया आणि डिटर्जंटची.

आमच्या दूध संकलन केंद्रावर रोज फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतात, दर त्यावरच. ज्यानं बुरशीची पेंड फेकली त्याला एक रुपया जास्त नाही, ज्यानं ती चारली त्याला एक रुपया कमी नाही. मग गरीब माणूस पोतं का फेकेल? मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. डेअऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी प्रत्येक गावच्या दुधाची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी करावी आणि चांगल्या दुधाला दर वाढवून द्यावा.

चारा बदलला की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मका नीट वाळल्याशिवाय भरू नका. खाद्य घेताना गोणीवर आयएसआयचा शिक्का बघा, त्यात बी-१ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. मुरघासाचा (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) वरचा काळा-पांढरा थर काढून टाका, म्हशीलाही घालू नका. गाभण आहे, भाकड आहे म्हणून तिला चालतं, असं तर मुळीच नाही, तिचंही यकृत तेच.